अडीच किलोचं इंजिन आणि चाळीस किलोचा माल

घरी छोटा लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं मशिन, आणला की लोकांना वाटतं आता काय, सुटलो, पण खरी रडारड तिथून सुरू होते कारण चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरायला काहीतरी लागतं ना, आणि ते काहीतरी आपल्याला पाहिजे तेवढंच, पाहिजे त्या धातूचं आणि परवडेल अशा भावात मिळणं म्हणजे पिंपरी-चिंचवडसारख्या लोखंडाच्या गावात राहूनसुद्धा सोपं नाही. मी भोसरीला टूलरूममध्ये काम करतो त्यामुळे ओळखीतले लोक असल्या कामाला मला धरतात. त्यातलंच हे एक प्रकरण जरा सविस्तर लिहितोय, कारण ह्यात बहुतेक सगळ्या भानगडी एकाच ठिकाणी आल्यात.

चिंचवडला एक मॅडम आहेत, फिजिक्स शिकवायच्या, आता रिटायर. गॅरेजमध्ये सेकंडहँड मिनी लेथ आणून ठेवलाय, छोटा ड्रिल प्रेस आहे, बेंच ग्राइंडर आहे. त्यांना वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल करायचं होतं, शाळेतल्या पोरांना दाखवायला. वॉब्लर प्रकारचं, म्हणजे सिलिंडर स्वतःच एका पिनवर डोलतो आणि डोलताना त्याचं भोक आलटून पालटून वाफ आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या भोकासमोर येतं, वेगळी व्हॉल्व्हची यंत्रणा नाही, म्हणून पहिल्या प्रोजेक्टला बरं. बॉयलर करायचा नाही असं मी आधीच सांगितलं, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवा, पोरांसमोर प्रेशरखाली वाफ वगैरे नको. त्या म्हणाल्या, "तेवढं मला कळतं हो, पस्तीस वर्षं लॅब सांभाळलीय."

सामानाची यादी अशी होती: सिलिंडरला ३२ मिमी पितळी राउंड (गोल बार) साधारण ५० मिमी लांब, क्रँक डिस्कला (पिस्टनच्या मागेपुढे होण्याचं फिरणं करणारी चकती) ३२ चाच एमएस (साधं माइल्ड स्टील) किंवा फ्री कटिंग (सहज कापलं जाणाऱ्या) स्टीलचा १० मिमी तुकडा, शाफ्टला ८ मिमी ग्राउंड (घासून नेमक्या मापात आणलेला) रॉड बोटभर, बेस आणि खांबाला १२ मिमी ॲल्युमिनियम प्लेट, आणि फ्लायव्हीलला (फिरण्याची गती टिकवणारं जड चाक) १०० मिमी व्यासाचं बीड, म्हणजे कास्ट आयर्न. सगळं मिळून वजन काढलं तर अडीच किलोच्या आत बसतं, त्यातलं दीड किलोच्या आसपास एकट्या फ्लायव्हीलचं.

वजन कसं काढलं ते सांगतो कारण हे यायलाच पाहिजे, नाहीतर काट्यावर तुम्हाला कुणीही गंडवेल. लोखंडाच्या राउंडला व्यास मिमीमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, मीटरला किती किलो ते आलं. ३२ चा बार म्हणजे १०२४ भागिले १६२, मीटरला ६.३२ किलो. प्लेटला जाडी मिमीमध्ये गुणिले ७.८५, एवढे किलो एका चौरस मीटरला. पितळ लोखंडापेक्षा आठ टक्के जड धरा आणि ॲल्युमिनियम साधारण एक तृतीयांश. बस, एवढ्यावर कुठल्याही दुकानात उभं राहता येतं.

तर मॅडम आधी एकट्याच गेल्या होत्या, रीतसर मेटलच्या एका व्यापाऱ्याकडे, यादी घेऊन. तिथे उत्तर मिळालं की पितळ पूर्ण लांबीत मिळेल. तीन मीटरचा ३२ चा पितळी बार म्हणजे साडेवीस किलो! किलोला सहाशेच्या आसपास धरला तरी बारा हजार, वर १८ टक्के जीएसटी. स्टीलचा तसाच तीन मीटर बार १९ किलो, तो स्वस्त, सत्तर-ऐंशी रुपये किलो, पण मॅडमना हवा होता ६० ग्रॅमचा काप. म्हणजे अडीच किलोच्या इंजिनासाठी चाळीस किलो माल घरी आणायचा, रिक्षात की डोक्यावर तो प्रश्न वेगळा. आणि त्या मिनी लेथच्या स्पिंडलचं (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं) भोक २० मिमी, त्यातून ३२ चा बार जातच नाही, म्हणजे आणलेला बार परत हातानेच कापत बसायचं. ऑनलाइन बघितलं तर तिथे फोटोत छोटा तुकडा आणि खाली मिनिमम ऑर्डर ५० किलो. जिथे छोटा तुकडा मिळत होता तिथे कापणावळ आणि कुरिअर धरून भाव दुपटीच्या वर जात होता.

ह्यात व्यापाऱ्याची चूक काही नाही बरं का. त्याचा धंदा टनावर चालतो, ५० मिमी कापून दिलं तर बँडसॉवर माणूस अडकतो, ब्लेड झिजतं, आणि उरलेला बार आखूड झाला की कारखानदार घेत नाही. शिवाय जीएसटीची गोष्ट अशी की कारखानदाराला ते १८ टक्के क्रेडिटमध्ये परत मिळतात, घरी छंद करणाऱ्याला ते खिशातूनच जातात. त्यामुळे कारखान्याला जो भाव स्वस्त वाटतो तो आपल्याला मुळातच तेवढा स्वस्त नसतो.

माझं ह्या बाबतीत सरळ मत आहे: किलोचा भाव विचारत फिरू नका, आपल्याला पाहिजे तसा तुकडा कुणाला जड झालाय ते शोधा. एकाला जो माल आहे तोच दुसऱ्याला अडगळ असतो, आणि अडगळीच्या ठिकाणी घेतला तर अर्ध्याहून कमी खर्चात काम होतं. फक्त अडगळ कुठल्या धातूची आहे ते कळलं पाहिजे.

पितळाचंच घ्या. आमच्या इथे गल्लीबोळात ट्रॉब चालवणारे लोक आहेत, ट्रॉब म्हणजे ते कॅमवर चालणारं ऑटोमॅटिक लेथ, बार मागून घातला की पुढून पार्ट पडत राहतात. पण प्रत्येक बारचा शेवटचा वीतभर भाग कॉलेटमध्ये (बार धरणाऱ्या पकडीत) अडकून राहतो, त्यातून पार्ट निघत नाही, तो काढून डब्यात टाकतात. तो वीतभर तुकडा म्हणजे घरच्या लेथसाठी अगदी मापाचा! आणि महत्त्वाचं म्हणजे तो कुठल्या ग्रेडचा आहे ते मालकाला माहीत असतं, कारण त्याने तो नवा विकत आणलेला असतो, भंगारातून नाही. ट्रॉबवर पितळ बहुतेक फ्री कटिंगच असतं, शिशाचा अंश असतो त्यात, चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस, तुटून पडते, लेथवर लोण्यासारखं चालतं.

पण इथे एक गोम आहे. पितळाच्या तुकड्याला मालक फुकटात सोडत नाही आणि सोडणारही नाही, कारण पितळाच्या चिप्स आणि तुकडे तो रॉड बनवणाऱ्याला परत देतो आणि वर मजुरी भरून नवा रॉड आणतो, म्हणजे त्याच्यासाठी तो डबा म्हणजे जवळजवळ रोख पैसेच. तिथे जाऊन "भंगारच आहे ना, द्या की थोडं" असं म्हटलं तर तो बघतच राहतो तुमच्याकडे. आम्ही गेलो तिथे मालकाने विचारलं, काय करायचंय? मॅडमनी पिशवीतून ड्रॉइंग काढून टेबलावर पसरलं आणि त्याला सिलिंडर कसा डोलतो ते समजावायला लागल्या, पेनाने टेबलावर भोकं दाखवत, तो माणूस हातातला चहा थंड होईपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, तुकडा तुम्ही निवडा, पण पैसे काट्यावर हां." १०० मिमीचा ३२ चा तुकडा निघाला, वजन साधारण पावणेसातशे ग्रॅम, भाव भंगाराच्या वर आणि नव्याच्या जरा खाली असा मधला ठरला. चारशेच्या आत आला. बारा हजारांपुढे चारशे. दोघंही खूश, कारण त्याला भंगाराच्या भावापेक्षा जास्त मिळाले आणि मॅडमना नव्यापेक्षा कमी लागले, आणि सिलिंडर एकदा बिघडला तर दुसरा करायलाही माल राहिला.

स्टीलच्या तुकड्यांचं उलटं असतं. तिथे नवा भाव आणि भंगार भाव ह्यात फरक मोठा आणि वजनाला पैसे कमी, त्यामुळे बरेच जण "घेऊन जा" म्हणतात. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, जॉबवर्क करणाऱ्याकडचा सगळा माल त्याचा नसतो. पार्टीने, म्हणजे काम देणाऱ्या कारखान्याने, चलनावर माल पाठवलेला असतो, त्याचा हिशोब द्यावा लागतो, तयार पार्ट किती, तुकडे किती, चिप्स किती. म्हणून मागायचं ते मालकाकडे, आणि तो नाही म्हणाला तर का म्हणून हुज्जत घालायची नाही. गेटवर कामगाराकडून पिशवीत काही घेणं हा प्रकार तर अजिबातच नको, पन्नास रुपये वाचवायला कुणाची नोकरी घालवाल.

स्टील मागताना ग्रेडचं नाव घेऊन मागा. नुसतं "लोखंड द्या" म्हटलं की जे हाताला लागेल ते मिळतं. क्रँक डिस्कसाठी आम्ही ईएन १ए मागितलं, त्यात गंधक मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, छोट्या लेथवर सुंदर फिनिश येतं, फक्त वेल्डिंगला नाही चालत. ते नसतं मिळालं तर एमएस ब्राइट चाललं असतं. ईएन ८ म्हणजे ०.४ टक्के कार्बनवालं, मशिनच्या पार्टला उत्तम पण मिनी लेथला जरा जोर लागतो. ईएन ३१ बेअरिंगचं स्टील, टक्काभर कार्बन आणि वर क्रोमियम, ते कुणी फुकट दिलं तरी नवशिक्याने घेऊ नये, कडक असेल तर टूल जातं. बारच्या टोकाला रंग मारलेला असतो तो ग्रेड ओळखायलाच, पण प्रत्येक दुकानाचा रंग वेगळा, त्यामुळे त्याच दुकानात विचारलेलं बरं. आणि रंगाचं टोक कधी कापू नका, दुसऱ्या टोकाने कापत या, नाहीतर महिन्याभराने रॅकवर सगळे बार एकसारखे काळे दिसतात.

ब्राइट बारबद्दल एक आडवं सांगतो. गार ओढून काढलेला असतो, वरून चकचकीत आणि मापात, त्यामुळे बाहेरून टर्निंग न करता तसाच वापरता येतो. पण आतमध्ये ताण अडकलेला असतो, फ्लॅटची एकच बाजू खाल्ली की धनुष्यासारखा वाकतो. काळा बार स्वस्त, वाकत कमी, पण वरचा पापुद्रा काढायला दीड-दोन मिमी माल जातो, ते धरून साइज घ्यावी लागते.

ॲल्युमिनियम सोपं निघालं. प्लेट मापात कापून विकणारे जे व्यापारी आहेत त्यांच्याकडे मोठ्या प्लेटमधून ऑर्डर कापली की कडेच्या पट्ट्या उरतात, त्यांचा वेगळा ढीग असतो, कटपीस म्हणून. बारा मिमीचा १५० बाय २०० चा तुकडा, किलोला थोडा कमी. एचई ३० मागायचं, म्हणजे ६०८२ च्या जातीचं, ते नीट कापतं. मॅडम आधी एका इलेक्ट्रिकलवाल्याकडून जुन्या पॅनेलची ॲल्युमिनियम बसबार (वीज वाहून नेणारी पट्टी) घेणार होत्या, अर्ध्या भावात, ते मी थांबवलं. बसबार जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमची असते, मऊ, टूलच्या टोकाला चिकटून बसते, ड्रिलच्या खाचा भरून जातात, पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो. पॅनेलमध्ये ती उत्तम, इंजिनाच्या बेसला नको.

आता फ्लायव्हील. १०० मिमी बिडाचा राउंड कापून घ्यायचा म्हटला तरी तो हॅक्सॉने कापणं म्हणजे शिक्षा आहे. कोल्हापूरला फाउंड्रीवाल्यांकडे लाकडी पॅटर्न देऊन ओतून घेता येतं पण एका नगासाठी कोण उठून जाणार. माझं ह्यावरचं उत्तर ठरलेलं आहे, पुली घ्या. व्ही-बेल्टची बिडाची पुली म्हणजे आयती गोल, बऱ्यापैकी मापात ओतलेली, मध्ये भोक पाडलेली, आणि छोट्या प्रमाणात बीड मिळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग. बेल्ट-पुलीच्या दुकानात नवीसुद्धा फार महाग नसते. मॅडमना भंगारवाल्याकडे घरगुती पिठाच्या गिरणीची चार इंची पुली मिळाली, किलोच्या भावाने, शंभर रुपयेसुद्धा लागले नाहीत. जिमची वजनं घेऊ नका असं सांगतो, स्वस्तातल्या वजनात काय ओतलेलं असतं त्याचा भरवसा नाही, मध्येच कडक डाग लागतात आणि टूलचं टोक उडतं.

पुलीवर पहिला कट मारताना मी हजर होतो. ओतीव बिडाची कातडी कडक असते आणि त्यात साच्याची वाळू चिकटलेली असते, म्हणून पहिला कट घाबरत घाबरत वरवर मारला तर टूल त्या वाळूवरच घासत बसतं आणि मिनिटात बोथट होतं. कार्बाइड टूल लावायचं, स्पीड कमी, आणि पहिल्याच कटला कातडीच्या खाली जायचं, एक मिमी तरी. मॅडमनी मारला. आधी करकर आवाज आणि मग एकदम तो शांत सरसर आवाज, आणि चिपऐवजी काळी पूड पडायला लागली, हाताला शिसपेन्सिलीसारखी, कारण बिडात ग्रॅफाइट असतंच. ती पूड लेथच्या बेडवर जाऊ देऊ नका, आधीच वर्तमानपत्र टाका, तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. पुलीचं भोक मोठं होतं आणि त्यात चावीची खाच, मग उरलेल्या पितळातून बुश (भोक लहान करायला आत बसवायचा तुकडा) करून दाबून बसवला आणि त्याला ८ मिमीचं भोक पाडलं. बेल्टची खाच मुद्दाम तशीच ठेवली, तिथून दोरी लावून छोटा डायनॅमो फिरवता येतो.

शाफ्ट जुन्या बाजारातून. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, तिथे एक मेलेला प्रिंटर घेतला, त्यात ८ मिमीचा सरळ, ग्राउंड केलेला रॉड, ज्यावर हेड सरकतं. घ्यायच्या आधी काचेवर लोळवून बघायचा, थरथरला तर वाकलेला आहे. आणि कानशीचं टोक घासून बघायचं, कानस घसरली तर कडक केलेला आहे, तो कापायला ग्राइंडरच लागेल. हा नव्हता कडक. प्रिंटरमध्ये स्प्रिंगा, छोटे बेअरिंग आणि स्क्रू निघाले ते वरकड.

कुदळवाडीला का नाही गेलो असं बरेच जण विचारतील. पूर्वी तिथे चिखलीपर्यंत भंगाराची गोडाऊनं पसरलेली होती आणि शोधणाऱ्याला काहीही मिळायचं, पण २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथे मोठी पाडापाडी केली आणि व्यापारी पांगले, आता आधी फोनाफोनी करून कोण कुठे बसतो ते काढावं लागतं.

भंगारात ग्रेड ओळखण्याचं मी ग्राइंडरवर ठिणगी बघून करतो. एमएसची ठिणगी लांब, फिकट, फार फुटत नाही. कार्बन वाढला की टोकाला फुलबाजीसारखी फुटायला लागते. बिडाची आखूड आणि लालसर, आणि स्टेनलेसची थोडीच. शेजारी माहितीतला तुकडा धरून तुलना करायची, नाहीतर डोळा फसतो. पण पितळ-ब्राँझला ठिणगीच नाही, आणि तिथे मॅडमनी मला नवीन काहीतरी दाखवलं. पिस्टनसाठी एका भंगारवाल्याने "गनमेटल आहे, मस्त आहे" म्हणून (गनमेटल म्हणजे तांबं-कथिलाचं ब्राँझ) एक जाड तुकडा दिला होता. मॅडमनी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला, तुकडा तोलला, ४१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला, तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवला पण तळाला टेकू दिला नाही. काट्याने ५४ दाखवले. म्हणजे ५४ घनसेंटिमीटर, ४१२ भागिले ५४, साडेसातच्या जरा वर. गनमेटल पावणेनऊच्या आसपास यायला पाहिजे, पितळ साडेआठ. हे ॲल्युमिनियम ब्राँझ निघालं, भयंकर चिवट, मिनी लेथवर त्याने रडवलं असतं. ग्रॅमच्या काट्यावर पितळ आणि गनमेटल एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, फरक तेवढा बारीक आहे, पण असली मोठी भानगड मात्र सापडते. बीड आणि स्टीलसुद्धा वेगळं कळतं, ७.२ आणि ७.८५. एवढी वर्षं ह्या धंद्यात असून मी हे कुणाला करताना बघितलं नव्हतं. पिस्टन मग त्याच ट्रॉबच्या पितळातून केला.

भंगारातल्या काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. गाडीचे शॉकॲब्सॉर्बर, त्यातला क्रोम रॉड सगळ्यांना दिसतो पण आत दाबाखाली गॅस असू शकतो, बंद नळकांडं कापायचं नाही म्हणजे नाही. गॅल्व्हनाइज्ड माल तापवायचा नाही, जस्ताचा धूर वाईट. आणि रेल्वेचं काहीही, रुळाचा तुकडा ऐरण म्हणून सगळ्यांनाच पाहिजे असतो, पण रेल्वेच्या लिलावाची कागदपत्रं नसतील तर १९६६ च्या कायद्याखाली तो नुसता जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा होऊ शकतो.

हिशोब असा झाला: पितळ चारशेच्या आत, ॲल्युमिनियम तेवढंच, पुली शंभरच्या आत, स्टील चहावर, प्रिंटर धरून बाराशेच्या आसपास सगळं. पेट्रोल धरलेलं नाही, आणि ओळखीचा फायदा झाला हेही खरं, अनोळखी माणसाला पहिल्या फेरीत ट्रॉबवाला इतकं मोकळं बोलेलच असं नाही. पण ड्रॉइंग हातात असलं आणि नेमकं माप सांगितलं की बहुतेक वर्कशॉपवाले मदत करतात, नुसतं "काहीतरी बनवायचंय" म्हणणाऱ्याला मात्र उडवून लावतात.

इंजिन कॉम्प्रेसरवर चालतं, अगदी कमी प्रेशरलासुद्धा. आता मॅडमना त्याला गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप आवरणारी फिरत्या गोळ्यांची यंत्रणा, लावायचाय, त्याचे दोन गोळे उरलेल्या ३२ च्या पितळातून निघतात का ते बघताहेत, मला वाटतं पार्टिंगला (लेथवर तुकडा कापून वेगळा करायला) तीन मिमी धरले तर निघतील.